तिसरा मजला, डावीकडचं दार

१२ जानेवारी

ताई,

फोनवर आपलं तिसऱ्या वाक्याला भांडण होतं, म्हणून लिहिते.

धाकटीला नेलं. सहा तारखेला, सकाळी साडेनऊला. ती आईला भरवत होती. दोन पुरुष आणि एक बाई आली. आरडाओरडा नाही, धक्काबुक्की नाही. "कागद दाखवा," म्हणाले, आणि तिच्याकडे दाखवायला काही नव्हतं. तिने गॅस बंद केला, आईचं तोंड पुसलं आणि जिन्यातून खाली हाक मारली, "मास्तरीणबाई, जरा वर येऊन बसता का?" मला ऑफिसात फोन आला तो मास्तरीणबाईंचाच. मी पोचले तेव्हा आई समोरच्या रिकाम्या खुर्चीला सांगत होती, "पुरे आता, तूही खाऊन घे."

चार वर्षं ती आईजवळ राहिली. पगार तू पाठवत होतीस, घर मी बघत होते, आणि आई तिच्या हवाली होती. आई तिला 'धाकटी' म्हणायला लागली तेव्हा तू म्हणाली होतीस, "घे, आता तू मधली झालीस." मीही हसले होते.

परत पाठवायच्या माणसांना शहराबाहेर एका केंद्रात ठेवतात, तिथे तिला ठेवलं आहे. तिच्या देशात तिचं आता कुणी नाही, हे तुला ठाऊक आहे.

कुणी सांगितलं, हे तू विचारशीलच. तिच्याकडे कागद नाहीत हे तिघींनाच माहीत होतं: तुला, मला आणि मास्तरीणबाईंना. मी कुणाचं नाव घेत नाही.

आईच्या गोळ्या वेळेवर चालू आहेत. मी सध्या तिच्याच खोलीत झोपते.

२ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मिळालं. तू मास्तरीणबाईंनाही लिहिलंस, ते त्यांनी मला दाखवलं. "चाळीस वर्षांचा शेजार विकलात" असं वाक्य आहे त्यात. त्या चष्मा काढून म्हणाल्या, "तुझ्या बहिणीचं शुद्धलेखन सुधारलंय. लहानपणी एवढं सुधारलं असतं तर मी दोन मार्क जास्त दिले असते." मग चष्मा बराच वेळ पुसत राहिल्या.

मी ऑफिसात असते तेव्हा आईजवळ अजून त्याच बसतात. फक्त आता बाहेरचं दार उघडं ठेवून बसतात. म्हटलं, वारा येतो, आईला खोकला होईल. तर म्हणाल्या, "असू दे. आत बसून काय करते, असं कुणाला वाटायला नको."

तुझ्या वकिलांचं म्हणणं कळलं. आदेशाविरुद्ध अर्ज एकदाच करता येतो, नव्वद दिवसांत. नुसती दया मागितली तर तो त्याच दिवशी फेटाळतात. पण आजारपणात, विश्वासाने दिलेल्या माहितीवरून धाकटीचा पत्ता सरकारला मिळाला असं दाखवता आलं, तर आदेश रद्द होऊ शकतो. त्यासाठी ती माहिती घेणाऱ्या माणसाचा लेखी जबाब हवा.

तू विचारलंयस, मला काही कल्पना आहे का. नाही. मला काही कल्पना नाही.

आदेशाची प्रत टपालाने पंधरा जानेवारीला आली. ती मी जपून ठेवली आहे.

१९ फेब्रुवारी

ताई,

"मला काही कल्पना नाही" हे खोटं होतं. हे पत्र पाठवायचं की नाही, ते लिहून झाल्यावर ठरवीन.

माझं काम तू कधी नीट विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. 'हॉस्पिटलात कारकून' एवढ्यात ते मावतं. आमचं हॉस्पिटल पालिकेचं. दारात आलेल्याला कागद विचारत नाहीत, आधी उपचार करतात. ज्यांच्याकडे कागद नाहीत त्यांच्यावरचा खर्च वरचं सरकार पालिकेला परत देतं, कारण सीमा सांभाळणं पालिकेचं काम नाही. तो परतावा मागायचे फॉर्म मी भरते. गंमत अशी की पैसे परत हवे असतील तर त्या माणसाकडे कागद नाहीत, हेच कागदावर आणावं लागतं. म्हणून रुग्णाची सही घ्यायची: मी या देशात परवानगीशिवाय राहतो, अमुक ठिकाणी राहतो. सही घेताना मी प्रत्येकाला सांगायची, "हा कागद माझ्या कपाटातून बाहेर जात नाही. वर फक्त आकडा जातो." अनेक वर्षं ते खरंही होतं.

माझ्या आधीचे कारकून पत्त्याच्या रकान्यात 'फिरता' लिहायचे. सगळ्यांना एकच शब्द. मग हॉस्पिटलातल्याच तपासणीत निम्मे दावे बाद व्हायचे. मी पत्ते नीट लिहायला लागले आणि दावे बाद होणं थांबलं. आमचे हेडक्लार्क म्हणायचे, "बाई, तुमच्या फॉर्मला तिकीट लावून पेटीत टाकलं तर थेट माणसाच्या हातात पडेल." मला ते कौतुक वाटायचं.

मागच्या ऑगस्टात आईने गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडला आणि त्याखाली उभी राहायला निघाली. धाकटीने मधे हात घातला. तुला मी "थोडंसं भाजलंय" असं कळवलं होतं. थोडंसं नव्हतं. उजवा हात कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत. ती हॉस्पिटलात यायला तयार नव्हती. "छोट्या ताई, मलमाने बरं होईल की," असं म्हणत होती आणि उभ्या उभ्या थरथरत होती. मीच तिला नेलं. अठरा दिवस ती वॉर्डात होती. तिची सही मीच घेतली, डाव्या हाताची, आणि कपाटाचं वाक्य तिलाही सांगितलं.

नोव्हेंबरात पत्रक आलं. यापुढे नुसता आकडा चालणार नाही, मूळ फॉर्म जोडा. पत्ता अपुरा असेल तर दावा खोटा धरू. आदल्या वर्षी सरकारकडेच पैसे अडकले म्हणून भाजलेल्यांच्या वॉर्डातल्या दोन नर्स कमी केल्या होत्या. अधीक्षक म्हणाले, "या वर्षी अडकले तर वॉर्डच बंद करावा लागेल." ते खोटं बोलत नव्हते.

कपाटात त्रेसष्ट फॉर्म होते. त्रेसष्टच्या त्रेसष्ट मी पाठवले. धाकटीच्या फॉर्मवर इमारत, जिना, तिसरा मजला, डावीकडचं दार, सगळं होतं. एक काढून ठेवला असता तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

फॉर्म पैसे देणाऱ्या खात्यात जातात, माणसं नेणाऱ्या खात्यात नाही, असं मी स्वतःला सांगितलं. दोन्ही खात्यांची एकमेकांशी बोलणी असतील हे मला सुचलं नाही, असं इथे लिहिणार होते. सुचलं होतं.

आणि "मी कुणाचं नाव घेत नाही" असं लिहिणं म्हणजे नाव घेणंच होतं. तेही मला कळत होतं.

८ मार्च

ताई,

मागचं पत्र पाठवलं नाही. ड्रॉवरमध्ये आहे.

काल केंद्रात जाऊन धाकटीला भेटले. लांबलचक टेबल, एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला आपण, आणि वीस मिनिटं. ती बारीक झाली आहे. केस कापलेत. बसल्या बसल्या विचारलं ते एवढंच, "आई जेवतात का?"

"तोंडच उघडत नाही."

"भरवायला जाऊ नका. चमचा त्यांच्या हातात द्या आणि तुम्ही खिडकीकडे बघा. आपण बघत बसलो की त्यांना परीक्षा वाटते."

मग हसून म्हणाली की तिच्या बोटांचे ठसे यंत्र घेत नाही. नवीन कातडीवर रेषाच नाहीत. "तीनदा घेतले. तो माणूस वैतागला. म्हणाला, तू आहेस की नाहीस?"

मी हसले नाही. ती टेबलावरून थोडी पुढे झुकली.

"छोट्या ताई, त्यांनी मला माझा फॉर्म दाखवला. अक्षर ओळखलं मी. आईंच्या गोळ्यांची यादी तुम्हीच लावता ना फ्रीजवर."

मी मान हलवली.

"छान आहे तुमचं अक्षर. लगेच वाचता येतं."

टोमणा असता तर बरं झालं असतं, ताई. तो टोमणा नव्हता.

"वकिलांना सांगितलंस?" मी विचारलं.

"नाही."

"का?"

"तुमची नोकरी गेली तर आईंचं कोण करणार? मोठ्या ताई लांब. मास्तरीणबाईंचे गुडघे गेलेत."

"मी सांगते वकिलांना. मी लिहून देते."

तिने माझ्याकडे पाहिलं. "बघा," म्हणाली. "तुमचं तुम्ही बघा."

आज दुपारी आईच्या हातात चमचा दिला आणि खिडकीकडे तोंड करून बसले. पाठीमागे वाटीचा आवाज येत राहिला. आई जेवली.

२४ मार्च

ताई,

परतावा आला. पूर्ण. एकही फॉर्म बाद झाला नाही. अधीक्षकांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं, चहा मागवला. वॉर्डातली एक नर्स येऊन माझा हात धरून गेली, तिची नोकरी वाचली. धाकटीची ओळ मी यादीत शोधली. अठरा दिवस, मंजूर.

मग मी एक गोष्ट केली. बाकीच्या बासष्ट पत्त्यांची यादी घेऊन रविवारी निघाले. दिवसभरात सात घरं झाली. तीन बंद होती. एका घरात दुसरीच माणसं राहायला आलेली, आधीच्यांचं विचारलं तर दार लावून घेतलं. एका ठिकाणी एक माणूस उभ्याने भिंत रंगवत होता. मागच्या जूनमध्ये त्याच्या बायकोचं बाळंतपण आमच्याकडे झालं होतं. माझ्या हातातली फाइल बघून त्याने ब्रश खाली ठेवला.

"हॉस्पिटलातल्या ना तुम्ही? पैसे द्यायचे राहिलेत का?"

"नाही. तुमचा पत्ता पुढे गेला आहे. इथे राहू नका."

"कुणी दिला?"

"मी."

आतून बायको बाहेर आली. तो तिच्याशी त्यांच्या भाषेत काही बोलला. ती मला आत येऊन बसा म्हणाली. मी बसले नाही. जिना उतरताना वर सामान ओढल्याचा आवाज येत होता.

ताई, एक प्रश्न मी टाळते आहे, तो आता लिहिते. तो फॉर्म मी नियम म्हणून पाठवला का?

दोन वर्षांपूर्वी मी म्हटलं होतं की आईला वृद्धाश्रमात ठेवू. तू म्हणालीस, "तुला आई नकोच आहे." तेव्हापासून आपण नीट बोललो नाही. मी दर संध्याकाळी आईकडे जायची, अर्धा तास बसायची, आणि आई मला विचारायची, "आपण कोण?" आणि लगेच आत हाक मारायची, "धाकटे, पाहुण्यांना चहा कर." धाकटी बाहेर येऊन तिला सांगायची, "आई, ही तुमची मुलगी." दर वेळी सांगायची. माझ्या बाजूने बोलायची ती. मला ते सहन व्हायचं नाही.

फॉर्म पाठवताना माझ्या मनात हे होतं का? त्या दिवशीची डायरी काढून पाहिली. लिहिलंय: "सर्व फॉर्म तपासून रवाना. डोकं दुखलं." एवढंच. माझ्याच डायरीत मी स्वतःपासून लपले आहे, की खरंच लपवण्यासारखं काही नव्हतं, हे मला आता कळत नाही. धाकटी असती तर काय म्हणाली असती, हे मात्र कळतं. ती म्हणाली असती, डोकं दुखत होतं तर गोळी का नाही घेतली.

जबाब लिहायला घेतला आहे. दोन खर्डे झाले. पहिल्यात पत्रकाला दोष जास्त आला, दुसऱ्यात मला. वकिलाला रडगाणं नको असतं, नेमकं हवं असतं. वेळ आहे. प्रत आपल्याला पंधरा जानेवारीला मिळाली, म्हणजे नव्वद दिवस पंधरा एप्रिलला भरतात. दहापर्यंत मी तो देईन.

९ एप्रिल

ताई,

आज जबाब घेऊन वकिलांकडे गेले. सहा पानं, प्रत्येक पानावर सही. ते उभ्यानेच वाचत होते, दुसऱ्या पानावर बसले. वाचून झाल्यावर म्हणाले, "हे फार चांगलं आहे. हे तुम्ही आधी का नाही आणलंत?"

"मुदत पंधरापर्यंत आहे ना?"

"सहापर्यंत होती."

मी प्रत काढून दाखवली. वरच्या कोपऱ्यात माझ्या हाताने घातलेली तारीख: आवक, १५ जानेवारी. त्यांनी बोट खाली नेलं, जिथे आदेशाची तारीख छापलेली होती. सहा जानेवारी.

"बाई, तुमच्या ऑफिसात मुदत कागद हातात पडल्यापासून धरत असतील. कोर्टात आदेशाच्या तारखेपासून धरतात."

वीस वर्षं मी मुदती मोजते आहे. येणाऱ्या प्रत्येक कागदावर आधी आवक तारीख, मग बाकीचं. एकदाही चुकले नाही. इथेही नाही चुकले, ताई. फक्त ती मोजणी आमच्या ऑफिसची होती.

"आता अर्ज करता येईल?"

"केला ना. काहीच हाती नव्हतं म्हणून पाच तारखेला दयेचा साधा अर्ज टाकला. त्याच दिवशी फेटाळला. दुसरा करता येत नाही." मग म्हणाले, "तुमच्या ताईंनी तुम्हाला तारीख सांगितली नव्हती?"

तू नव्वद दिवस लिहिलं होतंस. तारीख मी विचारली नाही, कारण मोजणं मला येतं.

सात दिवसांपूर्वी माझा तिसरा खर्डा पूर्ण होता. चौथा मी शब्द सुधारण्यासाठी केला. 'निष्काळजीपणा' की 'जाणूनबुजून', यात तीन संध्याकाळी गेल्या.

जबाब मी परत आणला नाही. बाकीच्या बासष्टांपैकी कुणावर आदेश निघाला तर तो वापरा, म्हटलं. वकील म्हणाले, "यात तुमची नोकरी जाईल, माहीत आहे ना?" अधीक्षकांच्या टेबलावर त्याची एक प्रत मीच ठेवून आले.

१३ एप्रिल

ताई,

धाकटीला परवा सकाळी विमानात बसवलं. मला जाऊ दिलं नाही. केंद्रातून तिची एक पिशवी दिली. आत आईचा एक स्वेटर आहे, अर्धवट उसवलेला. बहुतेक हाताला व्यायाम म्हणून उसवून पुन्हा विणत असावी.

मला चौकशी होईपर्यंत कामावरून दूर केलं आहे. त्यामुळे आता दिवसभर मी आईजवळ असते. मास्तरीणबाईंना वर यायची गरज उरली नाही. तरी आज दुपारी त्या आल्या, दार उघडं ठेवलं आणि खुर्ची ओढून बसल्या. मी दार लावलं आणि त्यांना सगळं सांगितलं. फॉर्म, कपाट, पंधरा तारीख, सगळं.

त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"त्याच सकाळपासून. ती माणसं माझ्या दारावरून वर गेली. खाली कुणाला विचारलं नाही, वर जाऊन अडखळली नाहीत, सरळ डावीकडचं दार वाजवलं. चुगली करणारी शेजारीण 'वरती राहते' एवढंच सांगते गं. इतकं नेमकं कोण लिहितं? तुझ्या 'माझी सहल' निबंधात बसचा नंबर असायचा."

"मग तीन महिने बोलला का नाहीत? ताईने तुम्हाला एवढं लिहिलं..."

"मी मास्तरीण आहे. उत्तर मी सांगायचं नसतं. मुलीने सांगायचं." आणि मग, वेगळ्याच आवाजात, "पण चुकलंच माझं. ही काही शाळा नव्हती. मी तेव्हाच तुझा कान धरला असता तर ती पोरगी इथे असती."

हे मला अपेक्षित नव्हतं. मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं, गप्प करायला आल्या नाहीत. आई पलंगावरून म्हणाली, "पाहुण्या का रडतात?" मास्तरीणबाई म्हणाल्या, "पाहुणी नाही, तुमची मुलगी आहे." आई म्हणाली, "असं होय," आणि भिंतीकडे वळून पडली.

मी त्यांची माफी मागितली. "बरं," म्हणाल्या. 'काही हरकत नाही' असं त्या म्हणाल्या नाहीत, हे नोंदवते.

"बहिणीला कळवलंस?"

"पत्रं लिहिली आहेत. चार. आज एक लिहीन."

"टाकली?"

"नाही. उद्या..."

"दे इकडे."

"सगळी एका पाकिटात घालते आणि उद्या सकाळी..."

"उद्या नाही," म्हणाल्या. "तुझा उद्या मला कळला आता."

"आईला एकटीला कसं सोडू?"

"तिलाही नेऊ. सावकाश जाऊ. माझेही गुडघे आहेतच."

म्हणून हे घाईत लिहिते आहे. एवढी वर्षं घाईत काही लिहिलं नव्हतं, अक्षर बघ कसं आलंय. फेब्रुवारीपासूनची चारही पत्रं सोबत आहेत, त्यांतलं एक वाक्यही मी बदललेलं नाही. आधीची दोन तुझ्याकडे आहेत, त्यांत काय खोटं होतं ते आता तुला दिसेल. धाकटी पोचली की नाही ते कळायला माझ्याकडे काही नाही. तिचा तिकडचा पत्ता फॉर्मवर विचारत नाहीत.

उत्तर द्यायचं असेल तर पहिलं मास्तरीणबाईंना दे. मला नंतर. किंवा नको.

त्या खाली बसून आईच्या पायांत चपला घालत आहेत, आणि आई पाय मागे घेते आहे. "कुठे जायचं? संध्याकाळ होईल," म्हणते आहे. "कोपऱ्यापर्यंतच," मास्तरीणबाई म्हणतात, आणि माझ्याकडे न बघता, "झालं का गं तुझं? चिकटव ते."